सूर्यमालेपासून पुलाच्या दोरापर्यंत : वगळलेल्या एका पदाचा इतिहास

१/२३
१८८९ साली फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांना २,५०० क्रोनरचे राजपारितोषिक मिळाले. काही महिन्यांतच त्यांना आपल्या खिशातून ३,५८५ क्रोनरचे छपाईचे बिल भरावे लागले. बक्षीस मिळवून देणाऱ्या प्रबंधातच एक मोठी चूक निघाली होती. ती चूक आणि तिच्यामागची गणिती अडचण यांचा संबंध ग्रहांशी होता. पण त्या अडचणीवर शोधलेल्या उपायांनीच पुढे पोलादी तुळया, पुलांचे दोर आणि विमानांचे पत्रे कसे थरथरतात हे उलगडले. हा धागा त्या प्रवासाचा.

२/२३
प्रारंभ एका सोयीस्कर नियमापासून होतो. जितका ताण, तितके लांबणे, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये सविस्तर मांडला. अठराव्या शतकात दालांबेर, डॅनियल बर्नुली आणि ऑयलर यांनी त्याच विचारावर ताणलेल्या तारेचे आणि लवणाऱ्या तुळईचे गणित उभारले. बल दुप्पट केले की हालचाल दुप्पट होते; दोन कंपने एकत्र आली तर त्यांची सरळ बेरीज करता येते. अशा गणिताला ‘रेषीय’ म्हणतात. त्याचे सौंदर्य मोठे होते आणि त्याची एक अटही होती : हालचाल अत्यल्प असली पाहिजे.

३/२३
पत्र्यांची कथा अधिक नाट्यमय आहे. १७८७ मध्ये अर्न्स्ट क्लाड्नी याने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवला. पत्र्याच्या न हलणाऱ्या रेषांवर वाळू गोळा होऊन सुंदर आकृत्या उमटल्या. पुढे हा प्रयोग खुद्द नेपोलियनने पाहिला आणि त्यामागचे गणित शोधणाऱ्यासाठी पॅरिसमध्ये बक्षीस जाहीर झाले. औपचारिक विद्यापीठीय शिक्षणाची दारे ज्या काळात स्त्रियांना बंद होती, त्या काळात सोफी जर्मेन हिने तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ मध्ये, ते बक्षीस मिळवले.

४/२३
जर्मेनच्या सिद्धांतात उणिवा होत्या. पत्र्याच्या कडांना लागू होणाऱ्या अटी १८५० मध्ये किर्खहोफ याने नीट बसवल्या. १८७७ मध्ये लॉर्ड रॅली यांच्या ‘थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथाचा पहिला खंड आला आणि तार, तुळई, पडदा, पत्रा या साऱ्यांचे कंपनशास्त्र एका छत्राखाली आले. पण बहुतेक समीकरणांच्या आरंभी एकच सवलत घेतलेली असे : ‘कंपन लहान आहे असे मानू’. म्हणजे समीकरणात जे वर्ग आणि घन येतात ते किरकोळ समजून टाकून देऊ.

५/२३
ते खरोखर किरकोळ होते का? एक मीटर लांबीची पोलादी पट्टी घ्या. तिची दोन्ही टोके अशी अडकवा, की ती लवू शकेल, पण टोके आत सरकणार नाहीत. मधोमध ती एक सेंटिमीटर वर उचलली गेली, तर वक्र झाल्यामुळे तिची लांबी सुमारे पाव मिलिमीटरने वाढते. दोन सेंटिमीटर उचलली, तर वाढ दुप्पट नव्हे, चौपट होते : जवळजवळ एक मिलिमीटर. हे लांबणे पट्टीत ताण निर्माण करते आणि ताण वाढला की पट्टी अधिक ताठर होते.

६/२३
म्हणजे पट्टी जितकी जास्त हलते, तितकी तिची वारंवारता वाढते. हिशेब केला तर दिसते, की कंपनाचा आयाम पट्टीच्या जाडीच्या तीन-दशांशाहून किंचित कमी असतानाच वारंवारता सुमारे नऊ टक्क्यांनी चढलेली असते. जाडीचा एक-तृतीयांशही न भरणारी हालचाल डोळ्यांना क्षुल्लक वाटेल. तरीही ‘प्रत्येक वस्तूला तिची एक ठरलेली वारंवारता असते’ हे पाठ्यपुस्तकी विधान तेवढ्यानेच डळमळते. टाकून दिलेले घनपद असे परत येते.

७/२३
लंबकाच्या बाबतीत ही गोष्ट जुनीच होती. त्याचा दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो, असे गॅलिलिओचे मत होते. क्रिस्तियान हायगेन्स याने १६७३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की खरा समकालिक लंबक वर्तुळाच्या कमानीवर नव्हे, तर चक्रज या वेगळ्या वक्रावर झुलायला हवा. साधा लंबक ३० अंशांपर्यंत झुलवला, तर त्याचे प्रत्येक दोलन लहान दोलनापेक्षा सुमारे १.७ टक्के अधिक वेळ घेते.

८/२३
१.७ टक्के म्हणजे किती? तीस दोलने होऊ द्या. खरा लंबक तोवर रेषीय गणितातल्या लंबकापेक्षा अर्ध्या दोलनाने मागे पडलेला असतो. गणित सांगते तो उजव्या टोकाला आहे आणि प्रत्यक्षात तो डाव्या टोकाला असतो. लहान चूक दर फेरीला थोडी थोडी साचत जाते आणि अखेर उत्तर पूर्ण उलटे करून टाकते. हा साचण्याचा गुणच या इतिहासातील खरा प्रतिस्पर्धी आहे.

९/२३
अशा प्रश्नांवरचा उपाय म्हणजे क्षोभ-पद्धती. सुटणारे सोपे समीकरण आधी सोडवायचे, मग लहान पदाला ‘क्षोभ’ मानून उत्तरात पायरीपायरीने दुरुस्त्या करायच्या. ग्रहगणितात हे तंत्र जुने होते : आधी ग्रह आणि सूर्य एवढेच धरायचे, नंतर इतर ग्रहांची ओढ मिळवायची. पण भोळेपणाने वापरल्यास दुरुस्तीत असे एक पद उगवते, जे काळाबरोबर वाढतच जाते. त्या पदावर विश्वास ठेवला, तर लंबकाचा झोका अमर्याद वाढतो आणि ग्रह कक्षा सोडून निघून जातात. दोष निसर्गाचा नव्हता, मांडणीचा होता.

१०/२३
१८८२ मध्ये अँडर्स लिंडस्टेट या स्वीडिश खगोलगणितज्ञाने त्यावर चतुर तोड काढली. आयामानुसार वारंवारताच बदलत असेल, तर जुन्या वारंवारतेला चिकटून का राहायचे? त्याने उत्तराबरोबर वारंवारतेचीही श्रेढी मांडली आणि प्रत्येक पायरीवर तिची किंमत अशी निवडली, की ते साचत जाणारे पद नाहीसे व्हावे. घड्याळ चुकत असेल तर काटे रोज ढकलत बसण्याऐवजी त्याची गतीच दुरुस्त करावी, तसा हा प्रकार. हाच लिंडस्टेट पुढे स्वीडनच्या १९१३ च्या निवृत्तिवेतन कायद्याच्या तयारीत अग्रभागी होता.

११/२३
लिंडस्टेटच्या श्रेढीला एक धोका होता : अनंत पदे घेतली तर ती खऱ्या उत्तराकडे जातेच, असे नाही. येथे प्वांकारे येतात. राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त स्पर्धा होती आणि त्यांनी विषय निवडला होता त्रिपिंड समस्येचा. निकाल लागला, प्रबंध छापून झाला. संपादनाचे काम करणाऱ्या फ्रागमेन या तरुण गणितज्ञाने काही जागी खुलासा मागितला. त्याला उत्तरे देत असताना प्वांकारे यांना दुसऱ्याच ठिकाणची अधिक गंभीर चूक दिसली.

१२/२३
त्यांनी ती लपवली नाही. वाटलेल्या प्रती परत मागवण्यात आल्या आणि सुधारित प्रबंध १८९० मध्ये पुन्हा छापला गेला. पहिल्या छपाईचा खर्च प्वांकारे यांनी सोसला. त्या दुरुस्तीतूनच एक नवे जग दिसले : साध्या नियमांनी चालणाऱ्या गतीतही अशी गुंतागुंत असू शकते, जी दीर्घकाळासाठी वर्तवता येत नाही. आज आपण तिला केऑस म्हणतो. १८९२ ते १८९९ या काळातील तीन खंडांत त्यांनी हेही स्पष्ट केले, की न जुळणाऱ्या श्रेढीची पहिली काही पदे व्यवहारात अत्यंत उपयुक्त असू शकतात. अभियंत्यांना नेमके हेच हवे होते; मात्र हे त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला.

१३/२३
दरम्यान प्रयोगशाळेत तारा वेगळीच साक्ष देत होत्या. फ्रान्ट्स मेल्डे याने १८५९ च्या सुमारास तारेचे एक टोक नादकाट्याला बांधले. काटा तारेच्या लांबीच्या दिशेने हलत असल्याने तो तारेला आडवे ढकलत नव्हता, फक्त तिचा ताण कमी-जास्त करत होता. तरीही तार आडवी थरथरू लागली, तीही काट्याच्या निम्म्या वारंवारतेने. झोपाळ्यावर उभे राहून एका झोक्यात दोनदा उठबस करणारे मूल झोका चढवते, ते याच तत्त्वाने.

१४/२३
या प्रश्नाला भारतात पुढचा अध्याय जोडला गेला. १९०७ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन वित्त विभागातील अधिकारी म्हणून कोलकात्यात आले आणि कचेरीपूर्वीचा व कचेरीनंतरचा वेळ बोबाझार येथील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये घालवू लागले. १९१२ च्या त्यांच्या शोधनिबंधांत दिसते, की ताण बदलत राहिला तर तार काट्याच्या केवळ निम्म्याच नव्हे, तर एक पट, दीड पट, दुप्पट अशा वारंवारतांनीही जागी होते. रामन परिणामाच्या शोधाला अजून सोळा वर्षे होती.

१५/२३
मेल्डेच्या प्रयोगात एक कोडे दडले आहे. रेषीय गणितानुसार अशा तारेचा झोका वाढतच जायला हवा. प्रत्यक्षात तो एका मर्यादेला थांबतो. मोठ्या आयामाबरोबर तारेचा सरासरी ताण वाढतो, तिची वारंवारता सरकते आणि काट्याशी असलेली जुळणी बिघडते. टाकून दिलेले घनपदच येथे लगाम घालते. अरेषीयता सदैव विध्वंसक नसते. काही वेळा तीच वस्तूला वाचवते.

१६/२३
या घनपदाला अभियांत्रिकीत नाव मिळवून दिले ते गेऑर्ग डफिंग याने. हा जर्मन अभियंता विद्यापीठाच्या पदावर नव्हता. १९१८ मध्ये, महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, त्याचे छोटेसे पुस्तक निघाले. विषय होता बदलत्या नैसर्गिक वारंवारतेच्या वस्तूंची सक्तीची कंपने. त्यातील ‘उडी’ प्रसिद्ध आहे. यंत्राचा वेग हळूहळू वाढवत नेला, तर कंपन चढत जाते आणि एका क्षणी एकदम कोसळते. वेग परत उतरवला, तर ते त्याच जागी नव्हे, वेगळ्याच वेगाला झेप घेऊन वर जाते. यंत्र एकच, वेगही एकच. पण कंपने दोन, आणि कोणते मिळेल हे यंत्र कोणत्या वाटेने तिथवर आले यावर ठरते.

१७/२३
पत्र्यांबाबत असेच पाऊल थिओडोर फॉन कारमान याने १९१० मध्ये उचलले होते. पत्रा आपल्या जाडीइतका लवला, तर तो केवळ वाकत नाही, त्याचे मधले पृष्ठ ताणलेही जाते. वाकणे आणि ताणणे यांना एकत्र गुंफणारी त्याची दोन समीकरणे पातळ पत्र्यांच्या मोठ्या कंपनांचा पाया ठरली. १९३९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन गणितज्ञांपुढे त्याने जे व्याख्यान दिले, त्याचा विषयच होता अभियंत्याची अरेषीय प्रश्नांशी झुंज. वर्षभराच्या आतच त्याला त्या झुंजीचे भयंकर उदाहरण मिळाले.

१८/२३
७ नोव्हेंबर १९४०. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा नॅरोज पूल अवघा चार महिन्यांचा होता. मुख्य गाळा ८५३ मीटरचा. ताशी सुमारे ६८ किलोमीटरच्या वाऱ्यात मधला एक केबलपट्टा घसरला आणि वर-खाली हलणारा पूल एकाएकी पिळवटू लागला. तासाभराने गाळा पाण्यात गेला. मोटारीत अडकलेल्या एका कुत्र्याखेरीज कोणाचा जीव गेला नाही. चौकशी मंडळातील तिघांपैकी एक होता फॉन कारमान.

१९/२३
‘वाऱ्याची लय पुलाच्या लयीशी जुळली आणि अनुस्पंदनाने पूल तुटला’, असे पुढे कित्येक पाठ्यपुस्तकांनी सांगितले. १९९१ मध्ये बिल्ला आणि स्कॅनलन यांनी ते खोडून काढले. त्या वाऱ्यात भोवरे सुटण्याची लय सेकंदाला एकदा अशी होती, तर पूल सुमारे पाच सेकंदांतून एकदा पिळवटत होता. पुलाची हालचालच वाऱ्याकडून ऊर्जा ओढून घेत होती. लटकत्या दोरांचे ढिले पडणेही या गतीत महत्त्वाचे असू शकते, असे लेझर आणि मॅकेना यांनी १९९० मध्ये मांडले : ताणल्यावर ओढणारा दोर ढिला पडल्यावर ढकलत नाही, म्हणजे तो हूकच्या सरळ रेषेत बसतच नाही.

२०/२३
दरम्यान गणिताची हत्यारेही धारदार होत होती. कीव्हमध्ये क्रिलोव्ह आणि बोगोल्युबोव्ह यांनी १९३७ मध्ये सरासरीची पद्धत मांडली. १९५० आणि १९६० च्या दशकांत बहुकालमान-पद्धत आकाराला आली. तिची कल्पना घड्याळासारखी आहे : सेकंदकाटा प्रत्येक कंपन मोजतो, तासकाटा कंपनाचा आयाम कसा हळूहळू बदलतो ते मोजतो. दोन काळ स्वतंत्र मानले, की साचत जाणारे पद काढून टाकण्याची अट हीच तासकाट्याचा नियम बनते. लिंडस्टेटची युक्ती केवळ अखंड एकसारख्या दोलनांना लागू होती. ही पद्धत घर्षण, बाह्य बल, डफिंगची उडी, सारे सामावून घेते.

२१/२३
या पद्धतीला घराघरांत नव्हे, पण जगभरच्या अभियांत्रिकी विभागांत नेणारा माणूस म्हणजे अली हसन नैफेह. जन्म १९३३, पॅलेस्टाइनमधील शुवैका या खेड्यात. जॉर्डनमध्ये शिक्षकी करून ते अमेरिकेत गेले आणि स्टॅनफर्डमध्ये १९६२ ते १९६४ या काळात पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचा टप्पा गाठला. १९७३ चे क्षोभ-पद्धतींवरचे पुस्तक आणि १९७९ चे डीन मूक यांच्यासह लिहिलेले अरेषीय दोलनांवरचे पुस्तक ही या क्षेत्राची क्रमिक पुस्तके ठरली.

२२/२३
१९७३ मध्ये नैफेह, मूक आणि मार्शल यांनी जहाजांचा जुना प्रश्न हाती घेतला. नाळ-वराळ वर-खाली होण्याची वारंवारता कुशीवर कलण्याच्या वारंवारतेच्या दुप्पट असेल, तर जहाज वाईट डोलते, हे विल्यम फ्रूड याने १८६३ मध्येच नोंदवले होते. गणिताने कारण दाखवले. लाटांचा जोर वाढवत नेला, तर पहिली हालचाल एका मर्यादेला जाऊन थबकते आणि त्यापुढची सारी ऊर्जा कुशीवर कलण्यात उतरते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले, की ते शेजारच्या भांड्यात जावे, तसे. रेषीय गणितात दोन कंपने एकमेकांची विचारपूसही करत नाहीत. येथे एक दुसऱ्याला आपले सर्वस्व देऊ शकते.

२३/२३
दोरांतही असेच घडते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मूर्ती आणि रामकृष्ण यांनी १९६५ मध्ये ताणलेल्या तारेच्या अनुस्पंदनाचे अरेषीय रूप तपासले. एका प्रतलात हलवलेली तार पुरेशा जोरानंतर गोल फिरू लागते, हे त्याच कुळातले वर्तन. अर्विन आणि कॉघी यांनी १९७४ मध्ये झोळ असलेल्या दोराच्या वारंवारता मांडल्या. ठरावीक झोळाला त्यांतील दोघींचे गुणोत्तर नेमके दोनास एक होते, म्हणजे फ्रूडच्या जहाजाचे. वांद्रे-वरळी सागरी सेतूसारखे केबल-आधारित पूल जगभर उभे राहिल्यावर मेल्डेचा प्रयोग महाकाय रूपात परतला : पुलाचा पृष्ठभाग दोराच्या दुप्पट वारंवारतेने हलला, तर दोर आडवा झुलू लागू शकतो. नादकाट्याच्या जागी पूल आणि रेशमी धाग्याच्या जागी शेकडो टनांचा ताण पेलणारा पोलादी दोर. हे टाळण्यासाठी आज अभियंता जो हिशेब करतो, त्यात साचत जाणारे पद पुसण्याची एक ओळ असतेच. ती ओळ प्रथम १८८२ मध्ये लिहिली गेली, ग्रहांसाठी.